भरितात टमाटा

२४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही शेठच्या दुकानात व्हिडिओ काढणाऱ्या रुचीताईंनी दिली. वर दुकानाचं नाव आणि लक्ष्मीचं चित्र आहे, आत वाईट विचार लिहायचे आहेत. रोज पाच. लक्ष्मीला काय वाटेल, हा पहिला विचार मनात आला, पण तो वाईट विचारांत धरता येणार नाही असं त्या म्हणाल्या.

शाळेत दैनंदिनी लिहायला शिकवली तेव्हा आधी स्वतःची ओळख लिहायची असते असं गुरुजींनी सांगितलं होतं, म्हणून लिहितो. मी समाधान. वय एकतीस, वजन ब्याण्णव, मूळ पारोळ्याचा, सध्या जळगावच्या पिंप्राळ्यात आईबरोबर. सोमवार ते शनिवार कांतीलालशेठच्या दुकानात साड्यांच्या काउंटरवर असतो आणि रविवारी त्यांच्याच 'खान्देश महाकुस्ती'त लढतो. ही मातीतली कुस्ती नव्हे. टीव्हीवरच्या इंग्रजी कुस्तीसारखी, दोर लावलेल्या चौकोनातली. कोण जिंकणार ते शेठ शुक्रवारीच सांगून टाकतात. हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असा नियम आहे. "गिऱ्हाईकाला साडी दाखवायची, गोदाम दाखवायचं नाही," असं शेठ म्हणतात.

आठ वर्षं मी आणि वना जोडीनं लढतोय. दोघंही सज्जन. लोक आम्हाला 'राम-लक्ष्मण' म्हणतात, जरी राम कोण यावर वनाचं आणि माझं एकमत नाही. आज शेठनी बोलावून सांगितलं, की या रविवारी मी पलटी मारायची. वनाला पाठीमागून खुर्ची हाणायची, मग दर आठवड्याला रुचीताई मोबाईलवर माझी मुलाखत घेणार, त्यात मी सगळ्यांना घालूनपाडून बोलायचं आणि अठरा जानेवारीला धुळ्यात वनाशी मोठी लढत. म्हटलं, शेठ, मीच का? तर म्हणाले, "अरे भाई, बदमाश माणूस बदमाशी करतो त्यात काय बघायचं? सज्जन बिघडला की अख्खं गाव खिडकीत येतं."

मला काळजी एकाच गोष्टीची आहे. वीस फेब्रुवारीला माझं लग्न आहे. सारिका धुळ्याला लॅबमध्ये रक्त तपासते. तिचे वडील छगन आबा, पारोळा-धुळे रस्त्यावर त्यांचं भरीत सेंटर आहे. आबा महाकुस्ती खरी मानतात, 'मना जावई पहिलवान शे' असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. तोच जावई खुर्ची हाणताना दिसला तर? आणि गोदाम दाखवायची तर सोय नाही.

आजचे वाईट विचार: १) वनाचा चहा प्यावा. प्यायलो नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पलटी मारली. जमली नाही.

खुर्ची उचलली, वनाच्या पाठीशी गेलो आणि सवयीनं "सॉरी हां वना" म्हणालो. माईक जवळ होता. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं. मग हाणली. वना पडला. पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठून म्हणाल्या, "लागलं का रे पोरांनो?" आणि आम्ही दोघं एकदम "नाही मावशी" म्हणालो.

शेठ तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. वना म्हणाला, "समा, तू माले हाणी राहिंता का उठाडी राहिंता?"

२ डिसेंबर, मंगळवार

पहिली मुलाखत. दुकानाच्या मागच्या खोलीत पैठण्यांची कपाटं झाकून मागे काळं कापड लावलं होतं. रुचीताई पुण्याहून व्हिडिओ काढण्याचंच शिक्षण घेऊन आल्यात. त्यांनी विचारलं, "समाधान, धुळेकरांना काय सांगशील?" मला डोळे वटारून सांगायचं होतं. मी वटारले.

"धुळ्याची माणसं तशी फार चांगली आहेत," मी म्हणालो, "पण मी त्यांना बघून घेणार आहे. आल्यावर. म्हणजे त्यांचं जेवणखाण झाल्यावर."

शेठ मागून म्हणाले, "हा धमकी देतोय की पत्रिका वाटतोय?"

माझा दोष नाही. नऊ वर्षं मी काउंटरवर आहे. बाईनं पन्नास साड्या उलगडून "जाऊ द्या" म्हटलं, तरी "ताई, अजून दाखवू का?" एवढंच विचारायचं, ही आमची शिकवण. एकदम उद्धट कसं व्हायचं? तोंडाला वळण लागतं ते लागतं.

मुलाखत दोनशे बारा वेळा पाहिली गेली. त्यातल्या तीसेक वेळा आई.

५ डिसेंबर, शुक्रवार

आईनं शिकवणी घ्यायचं ठरवलंय. हे इतर कुणाला कळणार नाही, पण माझी आई भिकुबाई पारोळ्यात आखाजीची राणी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे पोरीबाया झोके खेळतात, गाणी म्हणतात आणि दोन गल्ल्या समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. वर्षभराचं सगळं धुऊन निघतं. दुसऱ्या दिवशी त्याच बायका एकमेकींकडे विरजण मागायला जातात. विरजण मागितलं की भांडण संपलं, असा रिवाज आहे. आईच्या तोंडाला लागायला चार गल्ल्या घाबरायच्या.

तिनं मला गच्चीवर नेलं आणि समोरच्या पाण्याच्या टाकीला नमुन्यादाखल एक शिवी दिली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या तीन खिडक्या उघडल्या.

"आते तू दे."

मी टाकीला म्हणालो, "तू गळतेस."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. मग खाली बसवून समजावलं. "दख आंडोर. गाळ मानूसले नही देवानी. त्याना जीव जठे अडकेल शे तठे देवानी. मंग तो झोपतबी नही." माणसाला शिवी द्यायची नाही, त्याचा जीव जिथे अडकलाय तिथे द्यायची. जळगाव-धुळ्याचा जीव कुठे अडकलाय, यावर आज दिवसभर विचार केला. सापडला नाही.

वाईट विचार: टाकीबद्दल एक.

८ डिसेंबर, सोमवार

काय झालं ते नीट क्रमानं लिहितो, म्हणजे पुढे मलाच उपयोग होईल.

दुसरी मुलाखत. सकाळपासून नऊ वेळा रेकॉर्ड झाली, नऊही वेळा मी शेवटी 'धन्यवाद' म्हणालो. दोन वाजले. पोटात कावळे ओरडत होते. शेठ म्हणाले, "राहू दे, वनालाच व्हिलन करू." रुचीताईंनी सुस्कारा सोडला आणि सहज विचारलं, "घरी काय बेत आहे आज?"

मला वाटलं कॅमेरा बंद आहे.

मी खुशीत म्हणालो, "भरीत. आमची आई भरितात टमाटा घालते. फार छान लागतं."

 शेठनी चष्मा काढला. रुचीताई अगदी हळू म्हणाल्या, "टमाटा?"

लोकांना पद्धत माहीत नसावी असं वाटून मी समजावून सांगितलं. "बारीक चिरून, तेलात परतून. वांग्याला जरा आंबूसपणा येतो."

"आणि वांगी बडगीतच ठेचता ना?" बडगी म्हणजे आमच्याकडचं लाकडाचं खोलगट भांडं. त्यात लाकडी ठेचणीनं ठेचलं तरच त्याला भरीत म्हणतात, आणि टमाटा तर त्यात कधीच पडत नाही.

"घाई असली की मिक्सरला लावते," मी म्हणालो. मग मला कळलं, की मी काय बोललो.

पण तोवर शेठ उभे राहिले होते. जैन माणूस, वांगं कधी तोंडात घातलेलं नाही, तरी त्यांचा चेहरा लाल झाला होता. "नीच," ते म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "अरे वा. नीच! हेच तर पाहिजे होतं."

मी हातापाया पडलो. हे घरातलं गुपित आहे, टाकू नका म्हणालो. संध्याकाळी टाकलंच.

९ डिसेंबर, मंगळवार

दोन लाख लोकांनी पाहिलं.

काउंटरवर एक काकू आल्या. मी साडी उलगडली तर म्हणाल्या, "तुमच्या हातची नको, दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला सांगा." रिक्षावाल्यानं पिंप्राळ्याला यायला नकार दिला. खाली प्रतिक्रियांत 'वांगंप्रेमी७१' नावाच्या माणसानं लिहिलंय, "हाऊ पोऱ्याले बडगीमा घालीसन ठेचा." त्याच्या फोटोच्या जागी एक हिरवं वांगं आहे. अडीच हजार लोकांना हे पटलंय.

आईचं मात्र वाईट वाटतं. ती ओरडली नाही, शिवीसुद्धा दिली नाही. ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "तू पाच साल्ना व्हतास. टायफाईड व्हयना, काहीच खाये नही. एक दिवस टमाटा टाका, तर तू वाटी चाटी गया. तव्हयपासून टाकस. तुनी आजीले, तुना बापले, कोणलेच सांगं नही मी." आणि पदर डोळ्याला लावला. पारोळ्याहून दिवसभर तिला फोन येत होते. भिकुबाई, तू भरीतमा टमाटा टाकस, हाई खरं शे का? शेवटी तिनं फोन पिठाच्या डब्यात ठेवला.

मला फार लाज वाटली. सव्वीस वर्षं तिनं माझ्यासाठी ही चोरी केली आणि मी ती दोन मिनिटांत चव्हाट्यावर मांडली.

सारिकाचा फोन आला. "आबा काही बोलले नाहीत," ती म्हणाली. "मुलाखत बघितली आणि उठून वांगी भाजायला बसले. एरवी चाळीस भाजतात, आज शंभर भाजली." दुःखात माणूस कामाला लागतो, तसंच झालं असणार.

१४ डिसेंबर, रविवार

चोपड्याला लढत. लोक घरून टमाटे घेऊन आले होते. एवढे टमाटे अंगावर पडल्यावर पहिल्यांदाच वाटलं की आपण खरंच वाईट माणूस आहोत. लढत झाल्यावर मी आणि वनानं वेचले. चांगले चांगले निवडून पिशवीभर निघाले. आईनं सार केलं.

घरी आलो तर कौतिकनाना बसलेले. आमचं लग्न जुळवणारे तेच. त्यांनी चहा घेतला नाही, यावरूनच काय ते समजलो. म्हणाले, "आबांचा निरोप आहे. लग्नात भरीत कोण करणार आणि कसं करणार, ते ठरल्याशिवाय पत्रिका छापायची नाही."

"आबा रागावलेत?"

"ते काही बोलत नाहीत. नुसते ठेचत असतात."

१५ डिसेंबर, सोमवार

शेठच्या पाया पडून सांगितलं, की आबांना एकदाच खरं सांगू द्या, की ही सगळी मुलाखत म्हणजे सोंग आहे. शेठनी विचारलं, "टमाटा सोंग आहे?" मी म्हटलं, नाही, तो खरा आहे. "मग तू सांगणार काय?" मी काउंटरवर परत गेलो. शिवाय मी माघार घेतली तर धुळ्याची लढत जाईल, आणि वनानं त्या लढतीसाठी नवा पोशाख शिवलाय, मागे 'वना' असं जरीत लिहून.

सारिकाला म्हटलं, तू तरी सांग आबांना. ती म्हणाली, "मी कशाला मध्ये पडू? तुमचं दोघांचं छान चाललंय." हिला छान कशात दिसलं, मला कळलं नाही. मुलींना कधी कधी प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

२१ डिसेंबर, रविवार

आज लढत नव्हती, म्हणून हिंमत करून आबांच्या भरीत सेंटरवर गेलो. हेल्मेट काढलं नाही.

बघतो तर गाड्यांची रांग पेट्रोलपंपापर्यंत! धुळे, अमळनेर, मालेगावपर्यंतच्या गाड्या.  बिचाऱ्या आबांचं सांत्वन करायला एवढी माणसं आली होती. दारात मोठा फलक लावला होता:

'येथे भरितात टमाटा टाकत नाहीत. टाकणार नाहीत. टाकणारा दिसल्यास कळवावे.'

खाली माझा फोटो. साखरपुड्यातला, फेट्यातला. सारिकाला कापून काढलं होतं.

आबा चुलीमागे कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी उलटत होते. घामानं निथळत होते, नव्या चार माणसांवर ओरडत होते. एवढे खचलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी कोपऱ्यात बसून हेल्मेटची काच वर करून भरीत-भाकरी खाल्ली. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं आणि ते मिरचीचं संपल्यावरही थांबलं नाही.

आणि तेवढ्यात कोण दिसलं? वना! आबांच्या शेजारी पाटावर बसून दुसऱ्यांदा भरीत वाढून घेत होता. आबा त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणत होते, "खाय रे, तुन्हावर अन्याय व्हयेल शे." लोक दोघांचे फोटो काढत होते. माझा सासरा, आणि त्याच्या हातचं गरम गरम खातोय वना.

वाईट विचार: १) वना. २) वना. ३) वनाच्या ताटातली ठेचलेली मिरची त्याला ठसका देऊन जावो. ४) वना. ५) जरीचा पोशाख धुण्यात आकसो.

२३ डिसेंबर, मंगळवार

आजच्या मुलाखतीनंतर रुचीताईंनी टाळ्या वाजवल्या.

मी काही वेगळं केलं नाही. डोळे वटारले नाहीत, ओरडलो नाही. मनात वनाचं ताट होतं आणि आईचं वाक्य होतं, की जीव अडकलाय तिथे घाव घालायचा. कॅमेऱ्याकडे बघून काउंटरवर बोलतो तसा बोललो. "नमस्कार ताई, नमस्कार दादा. तुम्हाला टमाटा आवडला नाही, असं ऐकलं. अजून दाखवू का? भरितात दहीसुद्धा घालतो. हे आवडलं नसेल तर वरच्या फळीवरचं काढतो. साखर. चिमूटभर. अजून दाखवू का?"

शेठ खुर्चीत मागे सरकले. "माझ्या अंगावर काटा आला," म्हणाले, "आणि मी वांगं खातसुद्धा नाही."

दही आणि साखर आम्ही घालत नाही. तेवढं मात्र मी मनाचं लावलं. खोटं बोललो म्हणून नंतर देवाला हात जोडले.

२९ डिसेंबर, सोमवार

'अजून दाखवू का' हे सगळीकडे झालंय. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, पोरं परीक्षेच्या पेपरवर लिहितात. वांगंप्रेमी७१ रोज लिहितो. काल त्यानं लिहिलं, "साखर काढी त्यानी! हाऊ आते हद्द करी राहिना. पुढली मुलाखत कव्हय शे? येळवर टाकत जा." एवढा राग असून वेळ विचारतो. द्वेष माणसाला किती बांधून ठेवतो बघा.

सारिका सांगत होती, आबा संध्याकाळी माझी मुलाखत दोनदा बघतात आणि आवाज वाढवायला लावतात. शत्रूचा अभ्यास म्हणतात तो हाच. पत्रिकेचं विचारलं तर ती म्हणाली, "अजून छापल्या नाहीत. आणि हो, आबांनी काल बाजारातून टमाटे आणले. कोशिंबिरीला म्हणाले. आमच्याकडे कोशिंबीर कोणी खात नाही."

माझ्यामुळे त्या माणसाची खाण्यापिण्याची शुद्धसुद्धा राहिली नाही.

७ जानेवारी, बुधवार

पत्रिका नाहीत. दीड महिन्यावर लग्न आलं. वाजंत्रीवाल्यानं विचारलं, दुसरीकडची सुपारी घेऊ का? मी म्हटलं, थांबा. सारिकासारखी मुलगी पुन्हा भेटायची नाही हे मला तिचा फोन ठेवल्यावर दर वेळी कळतं. आज म्हणाली, "घाबरू नका हो. तुम्ही वाईट असल्यावर फार चांगले दिसता." रडावं की हसावं कळेना.

आई पारोळ्याला मामाकडच्या बारशाला गेली नाही. पाठ दुखते म्हणाली. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मात्र टाकीला तिनं अर्धा तास शिव्या दिल्या. टाकीचा काही दोष नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

उद्या धुळे. ठरलंय ते असं: मी वनाला खूप मारायचं, शेवटी वनानं मला उचलून आपटायचं आणि जिंकायचं. सारिका येणार आहे. आबा येणार नाहीत, रविवार म्हणजे त्यांच्या गर्दीचा दिवस. बरंच झालं. आईला म्हटलं, तू नको येऊ. ती म्हणाली, "शिकाडेल मी शे. परीक्षा दखाले मी येसूच."

मी मनाशी ठरवलंय. लढत संपली की माईक घ्यायचा आणि सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, की माझं चुकलं, आईचा काही दोष नाही, आबा मला माफ करा. गोदाम उघडं पडेल. शेठ दुकानातूनही काढतील. पण दुसरं काय करू?

१९ जानेवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. खांदा दुखतोय.

सभागृह भरलेलं. मी आत गेल्याबरोबर जो गलका झाला, त्यात मी येताना लावतात ते गाणं ऐकू आलं नाही. टमाटे आले. वनाला मी दोरावर दाबून धरलं आणि लोकांना विचारलं, "अजून दाखवू का?" सगळे ओरडले, "नको!" मग वनानं मला धरलं आणि कानात म्हणाला, "समा, चालना आते, माले भूक लागनी." म्हणजे आपटायची वेळ झाली होती.

तेवढ्यात दोर वाकवून कुणीतरी आत आलं. धोतर, टोपी, एका हातात लाकडी ठेचणी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. छगन आबा!

मी शेठकडे बघितलं. शेठ माझ्याकडे बघत होते. वना म्हणाला, "हाई ठरेल व्हतं का?" ठरलेलं नव्हतं.

आबांनी ठेचणी काखेत मारली, रुचीताईंच्या हातातून माईक घेतला आणि बोलायला लागले. मी आजवर आईपेक्षा भारी कुणी ऐकलं नव्हतं. "ए टमाटा! तुले वांगं काय समजनं रे? ज्यानी बडगी दखी नही, ज्याना घरमा मिक्सर घुर्र करस, तो मना जावई? मी वांगासले पोरेसनागत वाढाडं! तू त्यासमा साखर टाकस?" दर वाक्याला लोक उभे राहत होते. आई पहिल्या रांगेत होती. तिची मान एकसारखी हलत होती, गाण्याला हलते तशी.

आता मी उत्तर द्यायचं होतं. शेठ खुणा करत होते, बोल, बोल. माझ्या समोर सासरा उभा. शिवी दिली तर लग्न मोडतं. पाया पडलो तर लढत मोडते आणि वनाचा जरीचा पोशाख वाया जातो.  हात जोडलेले की मुठी वळलेल्या, मलाच माहीत नाही.

आबांनी डबा उघडला, माझा जबडा धरला आणि मोठ्ठा घास भरला. "खाय! खरं भरीत काय ऱ्हास ते समजू दे तुले!"

मी चावलं. ती चव मी पाच वर्षांचा असल्यापासून ओळखतो.

आबांचं तोंड माझ्या कानाशी होतं. माईक त्यांनी धोतराच्या घडीत खोल खोचला होता. हळूच म्हणाले, "टमाटा टाकेल शे. बेस लागस रे. आते तोंड वाकडं कर, लोके दखी राहिनात."

मी तोंड वाकडं केलं. डोळे फिरवले, गळा धरला, खऱ्या भरितानं विष चढल्यासारखा तीनदा गडबडा लोळलो. आबांनी ठेचणी उगारली, दंडाला नुसती टेकवली, तरी मी असा ओरडलो की सारिका खुर्चीवरून उठली. ती हसत होती. मग वनानं मला उचलून आपटलं, ते मात्र खरंच लागलं. अख्खं धुळं उभं राहून 'छगन आबा' ओरडत होतं. आबा टोपी काढून चारी बाजूंना नमस्कार करत होते.

माफीचं भाषण राहिलंच. तोंडात घास होता. निघताना आबांनी हळूच चव विचारली, तर मी म्हटलं, छान आहे, पण घरची न्यारीच.

रुचीताई म्हणाल्या, समाधान, आज पहिल्यांदा तू अभिनय केलास.

२० जानेवारी, मंगळवार

एक विचार दोन दिवस डोक्यात आहे. आबांना गोदाम केव्हापासून माहीत होतं? मी तर सांगितलं नाही. सारिकाला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही फार भोळे आहात, तसेच राहा." शेठना आबा हवे आहेत, पुढच्या लढतीपासून कायम.

वांगंप्रेमी७१ नं काल लिहिलंय: "धुळामा त्या म्हाताराना काय आवाज व्हता! असा मानूस खान्देशमा नही. त्याले परत बलावा." हा कोण आहे देव जाणे, पण आबांचा मोठा चाहता दिसतो. भेटला तर ओळख करून देईन.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी आबा घरी आले. पत्रिका घेऊन! लाल, सोनेरी गणपती, आणि खाली जाड अक्षरात: 'स्नेहभोजनास अस्सल खान्देशी भरीत (बिनटमाट्याचे)'.

पण आत यायच्या आधी ते दारातच उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, थोडं विरजण शे का घरमा?"

मी मनात म्हटलं, पन्नास किलोमीटरवरून विरजण मागायला? यांच्या घरी दोन म्हशी आहेत.

आई मात्र दारात थबकली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिनं मान वर करून समोरच्या खिडक्यांकडे बघितलं, आणि त्याच आखाजीच्या आवाजात म्हणाली, "शे ना भाऊ! आठे विरजण कव्हयबी भेटी!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. पिठाच्या डब्यातून फोन काढून तिनं लगेच पारोळ्याला लावला.

मग आबा स्वयंपाकघरात गेले. मीही मागोमाग गेलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अगदी हळू, शाळेतल्या पोरासारखं विचारलं, "विहीणबाई, एक सांगा. पाच-सात डाव करी दखं, पन तुम्हना हातनी चव येत नही, हाऊ जावई म्हनस घरनी चव न्यारीच ऱ्हास. टमाटा लसूणना आगोदर टाकानं का मांगून?"

 आई आधी उठली आणि खिडकी लावून घेतली.